रिमोट कोणाच्या हातात आहे?

प्रश्न थोडक्यात असा: फुटबॉलचं वेड असलेल्या मोठ्या शहरात नुकताच राहायला आलोय, स्पोर्ट्स बार ढीगभर आहेत, प्रत्येकाच्या जाहिरातीत भिंतभर स्क्रीन आणि ओरडणारी गर्दी. यातला चांगला कोणता हे ओळखायचं कसं?

अशा बारमध्ये स्क्रीन आणि आवाजाची यंत्रणा बसवणं हा माझा धंदा आहे, आणि आमच्या क्लबच्या चाहत्यांसाठी मॅच बघायच्या जागा ठरवण्याचं कामही माझ्याच गळ्यात पडलेलं आहे. त्यामुळे बारमालकाची अडचण कळते आणि खुर्चीत बसलेल्याचा वैतागही. दोन्हीकडून बघून माझं मत एका मुद्द्यावर पक्कं झालंय: स्क्रीन मोजत बसू नका, रिमोट कोणाच्या हातात आहे ते बघा. स्क्रीन काय, पैसे टाकले की येतात. आज कोणकोणते सामने आहेत, त्यातला कोणता मुख्य स्क्रीनवर जाणार, आवाज कोणाचा लागणार, हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवणारा माणूस जिथे आहे तो स्पोर्ट्स बार. बाकी सगळे नुसते टीव्ही लावलेले बार.

हा माणूस आहे की नाही हे घरबसल्या कळतं. दोन-तीन दिवस आधी फोन करा. 'मॅच दाखवता का?' असं विचारू नका, त्याला 'हो, सगळ्या दाखवतो' हे उत्तर सगळीकडे ठरलेलं आहे. नेमका सामना सांगा, शक्यतो गुणतक्त्याच्या मधल्या दोन संघांचा, ज्याची फारशी चर्चा नाही असा. मग विचारा, कुठल्या स्क्रीनवर असेल, आवाज मिळेल का, त्याच वेळी दुसरा मोठा सामना आला तर काय करता. कच्च्या जागी पलीकडचा गडबडतो किंवा 'तुम्ही या तर खरं, बघू' म्हणतो. पक्क्या जागी 'एक मिनिट हं' म्हणून यादी काढतो आणि सांगतो, 'मोठ्या स्क्रीनवर डर्बी (एकाच शहरातल्या दोन क्लबांची मॅच) आहे, तुमची मॅच आतल्या बाजूला लावतो, पण आवाज नाही मिळणार.' हे ऐकून हिरमुसू नका. बिनदिक्कत नाही म्हणू शकणाऱ्या माणसाकडेच जायचं.

एकाच वेळी अनेक सामने हा फुटबॉलमधला अपवाद नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. १९८२ च्या वर्ल्ड कपमध्ये अल्जीरियाचा शेवटचा साखळी सामना आदल्या दिवशी संपला होता. दुसऱ्या दिवशी स्पेनमधल्या हिहोनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया उतरले तेव्हा दोघांनाही हिशेब ठाऊक होता: जर्मनी एक किंवा दोन गोलांनी जिंकली की दोघंही पुढे, अल्जीरिया बाहेर. दहाव्या मिनिटाच्या आसपास जर्मनीचा गोल झाला आणि उरलेला वेळ दोन्ही संघांनी चेंडू इकडून तिकडे ढकलण्यात घालवला. तेव्हापासून, म्हणजे १९८६ च्या स्पर्धेपासून, गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या शेवटच्या दिवशी दहाच्या दहा सामने एकत्र असतात. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचं स्वरूप बदलून ३६ संघांची एकच साखळी झाली, तेव्हा २९ जानेवारी २०२५ च्या रात्री १८ सामने एकदम खेळले गेले. अशा रात्री बारवाल्याची खरी परीक्षा होते.

उदाहरण म्हणून १३ मे २०१२ घ्या. प्रीमियर लीगचं विजेतेपद मँचेस्टर सिटीकडे की मँचेस्टर युनायटेडकडे, हे दोन वेगवेगळ्या मैदानांवर ठरत होतं. युनायटेड संडरलँडविरुद्ध १-० ने जिंकत होती. तिकडे सिटी भरपाई वेळेत क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध १-२ ने मागे. आधी जेकोने बरोबरी केली, मग ९३ मिनिटं २० सेकंदांवर अग्वेरोचा गोल. ज्या बारमध्ये दोन्ही सामने शेजारी-शेजारी लावलेले असतील तिथल्या माणसांना एका स्क्रीनवर आनंद मावळताना आणि दुसऱ्यावर उसळताना दिसला असेल. जिथे एकच सामना होता तिथे अर्धीच गोष्ट कळली. म्हणून अशा दिवशी स्क्रीन किती हे बघण्यापेक्षा त्या कशा मांडल्यात ते बघा. मान न वळवता दोन सामने नजरेत राहतील अशा शेजारच्या दोन स्क्रीन, चार भिंतींवर चार टोकांना टांगलेल्या आठ स्क्रीनपेक्षा मला जास्त मोलाच्या वाटतात. आणि आवाज एकाच सामन्याचा हवा. दोन कॉमेंट्री एका खोलीत लावणाऱ्या बारमधून मी पहिल्या पाच मिनिटांत उठतो.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट, जी गिऱ्हाईक सहसा तपासत नाही: प्रक्षेपणाचा उशीर. मैदानातला गोल स्क्रीनपर्यंत पोचायला वेळ लागतोच. सॅटेलाइट किंवा केबलवर तो थोडक्या सेकंदांचा असतो, इंटरनेटवरच्या अॅपवर बऱ्याचदा अर्धा मिनिट किंवा त्याहूनही जास्त. घरी एकटे असाल तर काही बिघडत नाही. पण फुटबॉलवेड्या शहरात रस्त्यापलीकडे दुसरा बार आहे, वर कोणाचं तरी घर आहे. तुमच्या स्क्रीनवर अजून कॉर्नर घ्यायला खेळाडू चेंडू ठेवतोय आणि पलीकडून 'गोऽऽल' अशी आरोळी येते. त्यानंतर त्या कॉर्नरमध्ये बघण्यासारखं काय उरतं? पेनल्टी शूटआउटच्या वेळी हे अक्षरशः सहन होत नाही. म्हणून फोनवर विचारायचा पुढचा प्रश्न हा: सामना सेट-टॉप बॉक्सवरून दाखवता की अॅपवरून? काही स्पर्धांचे हक्क फक्त अॅपवाल्यांकडे असतात, तिथे बारवाल्याचा नाइलाज आहे. मग निदान त्यांचं कनेक्शन वायरचं असावं. गिऱ्हाइकांच्या वायफायवरच सामना चालवणारा बार गर्दीच्या रात्री नेमका ८५ व्या मिनिटाला गोल-गोल फिरणारं चक्र दाखवतो.

तुमच्या खिशातला फोनही घात करतो. निकालाच्या अॅपची सूचना बऱ्याचदा चित्राच्या आधी येते. सामना सुरू होण्यापूर्वी ती बंद करा, आणि टेबलावरच्या मित्रालाही करायला लावा.

बारमध्ये पाऊल टाकल्यावर एक गंमत करून बघा. एकच सामना दाखवणाऱ्या दोन स्क्रीन शोधा आणि कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघा. दोन्हीकडे सेकंद एकदम पुढे सरकतात का? सरकत असतील तर एकाच बॉक्समधून सिग्नल वाटून सगळीकडे नेलेला आहे, म्हणजे काम करणाऱ्याने डोकं वापरलंय. एक स्क्रीन दोन-तीन सेकंद मागे असेल तर प्रत्येक टीव्हीला वेगळा बॉक्स आहे, किंवा काही बॉक्सवर आणि काही अॅपवर चालू आहेत. अशा जागी गोल झाला की आधी खोलीचा अर्धा भाग उठतो, उरलेला मागून. तसंच पंचाच्या शिट्टीकडे कान द्या. हात तोंडाकडे जातो त्याच क्षणी शिट्टी ऐकू आली पाहिजे. छतातल्या स्पीकरचा आवाज चित्राच्या पुढे-मागे धावत असेल तर ते जुळवणं दहा मिनिटांचं काम आहे. ज्यांनी ते केलेलं नाही त्यांच्याकडे सामना खऱ्या अर्थाने कोणी बघतच नाही, असा मी निष्कर्ष काढतो.

चित्राबद्दल. मोठ्यात मोठी स्क्रीन म्हणजे बहुधा प्रोजेक्टर, आणि प्रोजेक्टरचं अंधाराशी जमतं, उजेडाशी नाही. त्याला काळा रंग टाकता येत नाही. प्रोजेक्टर बंद असताना पडदा जितका उजळ दिसतो तितकाच त्याचा 'काळा' उजळ. त्यामुळे रात्री झकास दिसणारा पडदा दुपारच्या सामन्याला, खिडकीतून ऊन येत असताना, धुतल्यासारखा फिका पडतो. दुपारचे सामने बघणार असाल तर जागा दुपारीच बघून या. टीव्हीचं दुखणं वेगळं. शोरूममध्ये डोळ्यांत भरावा म्हणून जो भडक रंगाचा मोड असतो, तो अनेक बारमध्ये जसाच्या तसा राहिलेला असतो. गवत पोपटी, खेळाडूंचे चेहरे भाजल्यासारखे. त्याहून वाईट म्हणजे हालचाल गुळगुळीत करण्याची सोय. टीव्ही दोन खऱ्या चित्रांच्या मधलं चित्र स्वतःच्या अंदाजाने बनवतो. लांब पास हवेत असताना चेंडूकडे बघा. त्याच्यामागे शेपूट दिसत असेल किंवा प्रेक्षकांच्या पार्श्वभूमीवर चेंडू क्षणभर गायब होत असेल, तर ती सोय चालू आहे. मॅनेजरला नम्रपणे सांगा, दोन बटणांचं काम आहे. तो काय करतो त्यावरून रिमोटवाल्या माणसाचाही अंदाज येईल.

बसायची जागा ठरवताना स्क्रीनच्या आकारापेक्षा अंतर आणि उंची पाहा. ५५ इंचांचा टीव्ही ऐकायला मोठा वाटतो, पण त्याची उंची जेमतेम ६८ सेंटिमीटर. मैदान दाखवणाऱ्या नेहमीच्या कॅमेऱ्यात खेळाडू त्यावर बोटाएवढाच दिसतो. खोलीच्या टोकाला बसून ऑफसाइडवर वाद घालायचा म्हणजे कमालच. माझी कसोटी सोपी आहे: खुर्चीत बसून, डोळे न बारीक करता, कोपऱ्यातला स्कोअर आणि मिनिटं वाचता आली पाहिजेत. पाठीवरचे नंबर वाचता आले तर उत्तमच. टीव्ही छताला टेकवून लावलेला असेल तर त्याच्या अगदी खाली बसू नका. पहिल्या हाफपर्यंत काही वाटत नाही, दुसऱ्यात मान बोलायला लागते. खांबामागचं, दाराजवळचं आणि स्वच्छतागृहाच्या वाटेवरचं टेबल बुकिंग करताना स्पष्टपणे नाकारा. दर दोन मिनिटांनी कोणीतरी आडवं जातं, आणि गोल नेमका तेव्हाच होतो.

एक गोष्ट सहसा विचारली जात नाही, पण रंगाचा बेरंग करते: बारकडे सामना सार्वजनिक जागी दाखवण्याचा परवाना आहे का. घरगुती वर्गणी आणि व्यावसायिक वर्गणी वेगळी असते, आणि व्यावसायिक बरीच महाग. ब्रिटनमध्ये स्काय ही प्रक्षेपण कंपनी पबसाठीच्या प्रक्षेपणात पडद्याच्या कोपऱ्यात बिअरच्या ग्लासचं चिन्ह टाकतं. ते नसेल तर तपासनिसाला आल्या आल्या कळतं. पोर्ट्समथच्या कॅरेन मर्फी या पबचालक बाईंनी स्वस्त पडतं म्हणून ग्रीसचं डिकोडर कार्ड वापरलं, आणि ते प्रकरण थेट युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. २०११ मध्ये निकाल बराचसा त्यांच्या बाजूने लागला, पुढच्या वर्षी त्यांची शिक्षाही रद्द झाली. पण प्रत्येक बारवाला एवढा लढणारा नसतो. चोरून दाखवणाऱ्याकडे लिंक मधेच तुटते, मग दुसरी शोधेपर्यंत दोन गोल झालेले असतात. शिवाय काही सामने फुटबॉलच्या नियमानेच दिसत नाहीत. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात थेट फुटबॉल दाखवायला बंदी आहे, लोकांनी मैदानात जाऊन बघावं म्हणून. तिथे असताना एखादा बार तीन वाजताचा सामना बिनधास्त दाखवत असेल, तर त्याचं प्रक्षेपण कुठून येतंय हे सांगायला नको.

माणसांकडे वळतो. फुटबॉलच्या मोठ्या शहरात बार तटस्थ असतोच असं नाही. भिंतीवरचे स्कार्फ, चौकटीतली जर्सी, कर्मचाऱ्यांच्या टीशर्टचा रंग हे सगळं आत शिरण्यापूर्वी वाचा. तुमच्याच क्लबचा अड्डा सापडला तर त्यासारखं सुख नाही. गाणी पाठ असलेली माणसं, ओळख नसताना पाठीवर पडणाऱ्या थापा, आणि हरल्यावर एकत्र शिव्या द्यायला सोबत. पण प्रतिस्पर्ध्याच्या अड्ड्यावर तुमच्या क्लबची जर्सी घालून जाणं हे धाडस नव्हे, मूर्खपणा आहे. ग्लासगोसारख्या शहरात कित्येक पबच्या दारावरच फुटबॉलच्या रंगाचे कपडे चालणार नाहीत अशी सूचना असते, ती उगाच नाही. डर्बीच्या दिवशी साध्या कपड्यांत जा, आणि दोन्ही बाजूंचे लोक असतील तर सामना सुरू होण्यापूर्वीच दारावरचा माणूस कसा वागतोय ते बघा. शांतपणे, नावानिशी बोलून कोणाला तरी बाजूला घेणारा असेल तर निश्चिंत बसा. नवख्याने पहिल्यांदा तटस्थ बारमध्ये, बिनमहत्त्वाच्या सामन्याला जावं. तेव्हा काउंटरवरच्या माणसाला बोलायला वेळ असतो, आणि शहरातला कुठला अड्डा कोणाचा ही माहिती त्याच्याइतकी कोणाकडेच नसते. फायनलच्या रात्री प्रत्येक बार चांगला वाटतो. त्यावरून काही ठरवू नका.

एकट्याने जाणार असाल, विशेषतः बाई एकटी जाणार असेल, तर काउंटरजवळचं स्टूल घ्यावं. स्क्रीन समोर असते, कर्मचाऱ्यांची नजर असते आणि कोणी नको तितकं जवळ आलं तर सांगायला समोर माणूस असतो. तिथल्या गर्दीत बायका आहेत का आणि त्या निवांत बसल्यात का, हे जाहिरातीतल्या कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त सांगून जातं.

खाण्यापिण्याबद्दल मी फार बोलणार नाही, ज्याची त्याची आवड. सेवा मात्र महत्त्वाची, आणि तिचं खरं रूप हाफटाइमला दिसतं. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. तेवढ्यात सगळी खोली एकदम काउंटरवर आणि स्वच्छतागृहाकडे धावते. चांगल्या बारमध्ये वेटर ३५ व्या मिनिटापासून टेबलांवरून फिरायला लागतात, वाकून, स्क्रीन न अडवता, आणि मध्यंतराची ऑर्डर आधीच घेऊन ठेवतात. बिल मागायलाही ८० व्या मिनिटाला कोणी येत नाही. तुम्हीही चाळिसाव्या मिनिटाच्या आत सांगून मोकळे व्हा, म्हणजे दुसऱ्या हाफची पहिली दहा मिनिटं रांगेत जाणार नाहीत.

मोठ्या सामन्यासाठी बुकिंग करताना तीन गोष्टी लेखी घ्या, निदान मेसेजवर: टेबल नेमकं कुठलं, किती वाजेपर्यंत राखून ठेवणार, आणि किमान खर्चाची अट आहे का. 'टेबल मिळेल' याचा अर्थ काही ठिकाणी 'उभं राहायला जागा मिळेल' असाही निघतो. तिथे पोचल्यावर बाहेर पडायचे दरवाजे कुठे आहेत आणि त्यांच्यासमोर खुर्च्या किंवा पिंपं रचलेली नाहीत ना, हे एकदा बघून घ्या. गोल झाल्यावर दोनशे माणसं एकदम उड्या मारतात, तेव्हा मागच्या दाराला कुलूप असलेल्या जागेत मी थांबत नाही, मग स्क्रीन कितीही झकास असो.

वेळेचा घोळ होतो तो दोन कारणांनी. एक, घड्याळं. युरोपात ती मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात, अमेरिकेत मार्चच्या दोन नंबरच्या रविवारीच, आणि जगातल्या अनेक देशांत कधीच जात नाहीत. त्यामुळे मार्चमध्ये नेहमीचा सामना अचानक तासभर इकडे-तिकडे होतो. बारच्या फलकावरची वेळ त्या आठवड्यात स्वतः ताडून बघा. दुसरं कारण बाद फेरी. साधा सामना मध्यंतर आणि भरपाई धरून दोन तासांच्या आत आटोपतो. बाद फेरीत बरोबरी झाली तर बऱ्याचदा तीस मिनिटांचा जादा वेळ, मग पेनल्टी, म्हणजे सुरुवातीपासून पावणेतीन तासांच्या आसपास. उशिरा सुरू होणारा सामना असेल तर बार बंद करायची वेळ विचारा आणि हेही विचारा की सामना लांबला तर काय करता. 'ऑर्डर बंद करतो, पण स्क्रीन चालू ठेवतो' असं उत्तर आलं तर बुकिंग करून टाका. 'वेळ झाली की बंद' असं आलं तर त्या रात्रीपुरता दुसरा बार शोधा. आणि शेवटची गाडी पेनल्टीच्या आधी सुटत असेल, तर घराजवळचा, थोडी लहान स्क्रीन असलेला बार निवडा.